ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत काय मागतो?

ख्रिस्ती बांधवांच्या प्रार्थनेविषयी आपल्या वस्त्यांतून दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे की, प्रार्थना म्हणजे देवापुढे पसरलेला हात; ज्याला स्वतः काही करायचे नसते तो मागत बसतो. दुसरे मत अगदी उलट टोकाचे. अमक्या गावच्या चंगाई सभेत लंगडा चालू लागला, तमकीच्या पोटातली गाठ विरघळली, तेव्हा त्या प्रार्थनेत काहीतरी ताकद आहे, असे सांगणारेही आपल्यातच आहेत. पहिले मत तुच्छतेतून येते, दुसरे भोळेपणातून. दोघांनीही ख्रिस्ती माणसाच्या शेजारी उभे राहून त्याच्या प्रार्थनेचे शब्द नीट ऐकलेले नसतात.

मी ते ऐकले आहेत. परिचारिका म्हणून माझी ३१ वर्षे नोकरी झाली. शिक्षणाची तीन आणि त्यापुढची बारा वर्षे अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात, एका मिशनच्या दवाखान्यात गेली. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली ठाणे मांडले. त्या भागातल्या ख्रिस्ती समाजात महार-मांग समाजातून गेलेली घराणी पुष्कळ आहेत. आडनावे ओळखीची, बोली ओळखीची, भाकरी थापायची पद्धतही तीच. त्यामुळे त्यांची प्रार्थना मला परक्या मुलखाची कधी वाटली नाही. आमच्या घरी वंदना होती आणि आहे. तिच्यात आम्ही कोणाकडे काही मागत नाही. म्हणूनच ही मागणारी माणसे नेमके काय मागतात, याचे मला कुतूहल होते.

सकाळी सात वाजता रात्रपाळीच्या सिस्टर रिपोर्ट देण्याच्या आधी वॉर्डाच्या मधोमध दहा मिनिटे प्रार्थना होई. सक्ती नव्हती. आम्ही तिघी-चौघी बिगरख्रिस्ती मुली हात बांधून उभ्या राहत असू. पहिल्यांदा लक्षात आले ते असे की, मागणे सुरुवातीला येतच नाही. आधी देवाची स्तुती, मग आपल्या हातून काय चुकले त्याची कबुली, मग मिळाले त्याबद्दल उपकारस्तुती. त्यानंतर दुसऱ्यांसाठी मागणे. त्याला ते मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. स्वतःसाठीचे मागणे अगदी शेवटी, आणि पुष्कळदा ते राहूनच जाई.

मध्यस्थीच्या वेळी खाटांचे नंबर घेतले जात. सात नंबरच्या आजींना झोप लागू दे, बारा नंबरच्या बाईची लेक भेटायला येऊ दे, नव्या डॉक्टरांचा हात ऑपरेशनमध्ये स्थिर राहू दे. ज्या सिस्टरने सकाळी सात नंबरचे नाव घेतले, ती दिवसभर सात नंबरला विसरत नसे. उशी सरळ करायला जाई, लेकीला पत्र टाकलेत का म्हणून विचारी. आकाशातल्या देवाने ते ऐकले की नाही हे मी सांगू शकत नाही. वॉर्डातल्या सिस्टरने मात्र ऐकले होते, कारण ते तिच्याच तोंडून निघाले होते.

या सगळ्या प्रार्थनेच्या मुळाशी एक छोटी प्रार्थना आहे. तिला प्रभूची प्रार्थना म्हणतात. येशूने ती शिष्यांना शिकविली, अशी नोंद मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. लूककडची थोडी आखूड, मत्तयकडची थोडी लांब. कॅथलिक असो वा प्रॉटेस्टंट, जगातल्या बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथांत ती म्हटली जाते. ती शिकविण्याआधी येशू काही ताकीद देतो, असे मत्तय सांगतो. लोकांनी पाहावे म्हणून चौकात उभे राहून प्रार्थना करू नका. आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या. शब्दांची लांबण लावू नका. तुम्हाला काय हवे हे तुमच्या पित्याला तुम्ही मागण्यापूर्वीच ठाऊक असते.

वाचकहो, येथे कोणाही विचारी माणसाला प्रश्न पडेल. देवाला आधीच ठाऊक असेल तर मागायचे कशाला? मला पडला तसा तो ख्रिस्ती विचारवंतांनाही शतकानुशतके पडत आला आहे. त्याचे उत्तर त्या छोट्या प्रार्थनेच्या रचनेतच बरेचसे सापडते.

तिच्यात पहिली तीन मागणी देवाविषयीची आहेत : त्याचे नाव पवित्र मानले जावे, त्याचे राज्य यावे, त्याच्या इच्छेप्रमाणे पृथ्वीवर घडावे. त्यानंतर माणसाची मागणी येतात. ती कोणती? भाकरी, क्षमा आणि वाईटापासून सुटका. घर नाही, नोकरी नाही, मुलगा नाही, शत्रूचा नाश नाही. भाकरीसुद्धा आजच्या दिवसापुरती. ज्याच्या कणगीत आठवड्याचा दाणा नसतो, त्याला या मागण्याचा अर्थ चटकन कळतो. आणि सगळी प्रार्थना अनेकवचनी आहे. 'मला' हा शब्द तिच्यात एकदाही येत नाही, सगळीकडे 'आम्हाला'. शेजारी उपाशी असताना एकट्याच्या भाकरीसाठी ही प्रार्थना म्हणताच येत नाही. म्हटली तर ती म्हणणाऱ्याच्याच विरुद्ध साक्ष देते.

क्षमेच्या मागण्याला तर एक अट जोडलेली आहे. आम्ही दुसऱ्यांना ज्याप्रमाणे क्षमा केली, त्याप्रमाणे आम्हाला क्षमा व्हावी, असा तिचा आशय. मत्तयकडे तेथे ऋण हा शब्द आहे. जणू दोन खतावण्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. सगळ्या प्रार्थनेत माणसाने स्वतःच्या वागण्याची हमी द्यावी अशी ही एकच जागा आहे. तिच्याकडे मी पुढे वळणार आहे.

सगळ्यांची रीत मात्र एकसारखी नाही. नगरकडचे प्रॉटेस्टंट लोक डोळे मिटून आपल्या शब्दांत मोठ्याने बोलतात. वसईकडच्या कॅथलिक घरांतून कुटुंब एकत्र बसून रोझरीची माळ म्हणण्याची रीत आहे. तिच्यात दहा-दहा मण्यांचे पाच भाग एका वेळी म्हणतात आणि प्रत्येक भागात येशू आणि मरिया यांच्या जीवनातील एकेका प्रसंगाचे चिंतन करतात. मठांतून ठरलेल्या घटकांना स्तोत्रे म्हटली जातात. आपल्या मराठीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाचा बाज चर्चमध्ये आणला. रीती वेगळ्या, मूळ प्रार्थना तीच.

आता चंगाईविषयी. मी विज्ञान शिकलेली बाई आहे, तेव्हा आकडे आधी सांगते. १८७२ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक साधा हिशेब मांडला. राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी इंग्लंडभरच्या चर्चमधून प्रार्थना होतात. मग राजघराण्यातील माणसे इतर सुखवस्तू लोकांपेक्षा जास्त जगायला हवीत. त्याच्या हिशेबात ती उलट कमी जगत होती. पुढे २००६ साली अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यासाठी त्यांच्या नकळत प्रार्थना केली त्यांच्यात ५२ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी केली नाही त्यांच्यात ५१ टक्के. म्हणजे फरक नाही. आणि आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात ५९ टक्के! माझ्यासाठी प्रार्थना चालली आहे म्हणजे माझे काही खरे नाही, अशी धास्ती त्यांनी घेतली असावी, असा एक तर्क त्यावर पुढे आला. वॉर्डात वर्षे काढलेल्या माणसाला तो पटण्यासारखा आहे.

तेव्हा औषधाच्या जागी प्रार्थना, हा हिशेब चुकीचा आहे. एका सभेत 'बरा झालास' असे सांगितल्यावर इन्सुलिन सोडून दिलेला माणूस चार दिवसांनी बेशुद्ध अवस्थेत आमच्याकडे आलेला मी पाहिला आहे. तो वाचला, पण थोडक्यात. त्या दिवशी सगळ्यांत जास्त संतापल्या त्या आमच्या मोठ्या सिस्टर, स्वतः तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. त्या म्हणाल्या, "देवळाच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलील, असं सैतानानं येशूला म्हटलं होतं. येशूनं उडी टाकली नाही. ह्या लोकांनी टाकायला लावली." मत्तयाच्या शुभवर्तमानातील ती कथा आहे. देवाची परीक्षा पाहणे म्हणजे प्रार्थना नव्हे, हा तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

या मोठ्या सिस्टरांविषयी मला सांगायचे आहे. त्यांचा एकुलता मुलगा आयटीआयला होता. एकोणिसाव्या वर्षी त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. १९८४ सालची गोष्ट. पुण्याला न्यावे लागले. खर्च न झेपणारा. दिराच्या हाती नुकतेच उसाचे पैसे आले होते. सिस्टर त्याच्या दारात गेल्या. त्याने पैसे नाहीत म्हणून सांगितले. चर्चमध्ये रोज संध्याकाळी त्या मुलासाठी प्रार्थना होई. आम्ही बिगरख्रिस्ती मुलींनी पगारातून वर्गणी काढली. दोन महिन्यांनी मुलगा गेला.

आठवडाभराने सिस्टर ड्यूटीवर आल्या. सकाळच्या प्रार्थनेला नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. इतकी वर्षे ऐकून प्रभूची प्रार्थना मलाही तोंडपाठ झाली होती, म्हणून माझ्या ध्यानात आले : क्षमेचे ते मागणे आले की त्यांचा आवाज थांबतो, आणि पुढच्या ओळीला परत सुरू होतो. आधी वाटले, गळा भरून येत असेल. पण रोज त्याच जागी? असे वर्षभर चालले.

एका रात्रपाळीला धीर करून मी विचारले. त्या म्हणाल्या, "अगं, ती ओळ म्हणजे सही करण्यासारखी आहे. दिराला मी जेवढं माफ केलंय तेवढंच मला माफ कर, असा तिचा अर्थ होतो. मी त्याला माफ केलेलं नाही. मग देवासमोर उभं राहून खोटी सही कशाला करू?"

मी म्हटले, "आणि बाकीचं सगळं कसं म्हणता सिस्टर? एवढं मागितलंत, काय मिळालं?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ज्याच्या नावानं आम्ही मागतो, त्यालासुद्धा मिळालं नव्हतं."

त्यांचे बोलणे गेथशेमाने बागेविषयी होते. धरले जाण्याच्या रात्री येशू त्या बागेत गेला. हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर करावा, अशी त्याने विनवणी केली, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. आणि तरीही माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असे म्हणाला. सोबतचे शिष्य झोपी गेले होते. प्याला दूर झाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला वधस्तंभावर चढविले. "मागितलेलं मिळालं तरच प्रार्थना खरी म्हणायची, तर पहिली त्याचीच खोटी ठरंल," सिस्टर म्हणाल्या. "मला मुलगा मिळाला नाही. पण मला ओरडायला जागा मिळाली. स्तोत्रं वाच तू, त्यात देवाशी भांडणारी माणसं आहेत. ती जागा नसती, तर मी ह्या वॉर्डात पेशंटवर ओरडले असते."

पुढे मी खरोखरच ती वाचली. बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत, आणि त्यांतील पुष्कळ तक्रारीची आहेत. तू कुठे आहेस, किती वाट पाहायची, दुष्टांचे का फावते, असे प्रश्न देवाला विचारलेले आहेत. प्रार्थनेत गोडच बोलावे लागते हा माझा समज त्या वाचनाने गेला.

पुढच्या नाताळात सिस्टर करंज्या-लाडवांचा डबा घेऊन दिराच्या घरी गेल्या. त्याने माफी मागितली नाही. विषयही काढला नाही. चहा मात्र केला. त्या आठवड्यात सकाळच्या प्रार्थनेत त्यांचा आवाज त्या ओळीवर थांबला नाही. मी त्यांच्याकडे पाहिले. प्रार्थना संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "संपलं नाही गं. उद्या परत करावं लागणार." आणि केसपेपर घेऊन राउंडला गेल्या.

त्या बाईंची मूळ विनंती फुकट गेली होती. पण जी प्रार्थना त्या वर्षभर अर्धवट म्हणत होत्या, तिने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. माझ्या मते ख्रिस्ती प्रार्थनेचा हेतू येथे आहे. मागणाऱ्याला ती आपल्याच शब्दांच्या कचाट्यात धरते.

यावर आपले वाचक एक रास्त आक्षेप घेतील. क्षमा करा, सोसा, देवाची इच्छा म्हणा, हे दुबळ्यांनाच का सांगितले जाते? हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण इतिहास त्याच्या बाजूने आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडिज बेटांवरील गुलामांसाठी कापलेले बायबल छापले गेले. इजिप्तच्या गुलामगिरीतून इस्राएली लोक बाहेर पडले, ती कथाच त्यातून गाळली होती. गुलामाने प्रार्थना करावी, पण सुटकेची करू नये, अशी ती व्यवस्था. अमेरिकेतील गुलाम मात्र रात्री रानात चोरून जमत आणि नेमकी तीच प्रार्थना करीत. आवाज मालकाच्या कानी जाऊ नये म्हणून भांडे पालथे घालीत, असे मुक्त झालेल्या गुलामांनी आपल्या आठवणींत सांगून ठेवले आहे. एकच प्रार्थना मालकाच्या हाती बेडी होते आणि गुलामाच्या हाती कानस. ती कोण वापरतो आणि उठून काय करतो, हे पाहावे लागते.

त्याच लोकांच्या वंशात मार्टिन ल्यूथर किंग जन्मले. मॉन्टगोमेरी शहरातील बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध डिसेंबर १९५५ मध्ये बहिष्कार सुरू झाला. जानेवारी १९५६ च्या अखेरीस एका रात्री त्यांना फोनवर जिवे मारण्याची धमकी आली. बायको आणि तान्ही मुलगी आत झोपलेली. ते स्वयंपाकघरात आले, कॉफी केली आणि टेबलाशी डोके धरून मोठ्याने प्रार्थना केली. मी दुबळा पडलो आहे, माझा धीर सुटत चालला आहे, हे त्यांनी कबूल केले. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. धमक्या थांबल्या नाहीत. तीनच दिवसांनी त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. घरची माणसे बचावली. बाहेर संतापलेला जमाव जमला, तेव्हा किंग यांनी त्याला हिंसेपासून परावृत्त केले. आणि बहिष्कार एक दिवसही सोडला नाही. तो ३८१ दिवस चालला आणि जिंकला. वैर सोडणे वेगळे आणि हक्क सोडणे वेगळे, हे त्या माणसाला पक्के कळले होते.

आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल तर पंडिता रमाबाईंचे घ्यावे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली गोळा करून आणल्या. दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. १९०५ साली तेथे प्रार्थनेची मोठी लाट आली, ती प्रसिद्धच आहे. पण त्याच आवारात तेलाचा घाणा होता, विणकाम होते, छापखाना होता, अंध मुलींसाठी निवारा होता. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाई तेथल्याच बायकांच्या हातून झाली. त्या घरात प्रार्थना कामाच्या आड आली नाही. उपाशी माणसाला नुसते 'सुखी राहा' म्हणून वाटेला लावण्यात काय अर्थ, असे बायबलमधील याकोबाच्या पत्रातही विचारले आहे. केडगावला त्या प्रश्नाचे उत्तर होते.

मी आजही प्रार्थना करीत नाही. कोणी करावी असेही माझे म्हणणे नाही. पण शेजारधर्म म्हणून काही गोष्टी आपल्या घरच्या मुलांना सांगाव्यात असे वाटते. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी मयत असेल, आजारपण असेल, आणि ते प्रार्थनेला उभे राहिले, तर शांत उभे राहावे. डोळे मिटले नाहीत तरी चालते. शेवटी 'आमेन' म्हणतात, त्याचा अर्थ 'तसेच होवो' एवढा आहे. मनापासून वाटले तर म्हणावे, नाहीतर म्हणू नये. 'तुमच्यासाठी प्रार्थना करते' असे कोणी म्हटले तर हसू नये. तिने तुमचे नाव आणि तुमची अडचण रोज एकदा तरी आठवण्याचे कबूल केले आहे. औषध मात्र डॉक्टरांनी सांगितलेले चालू ठेवावे. आणि वाद घालण्याइतकी ओळख असेल, तर 'तुमचा देव देतो का?' असे विचारू नये. ती ओळ मनापासून म्हणता येते का, असे विचारावे. खरा ख्रिस्ती माणूस त्यावर लगेच उत्तर देणार नाही.